क्षत्रप-सातवाहन नाण्यांच्या संग्रहाला इतिहासग्रंथांची जोड कशी द्यावी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली काही वर्षे मी पश्चिमी क्षत्रप (गुजरात-माळव्याकडचे शक राजे) आणि सातवाहन यांची नाणी जमवतो आहे. संग्रह मोठा नाही, पण जे आहे ते नीट ठेवलेले आहे: प्रत्येक पाकिटावर राजाचे नाव, धातू, वजन आणि सूचीतील क्रमांक. अलीकडे मात्र असे जाणवू लागले आहे की या नोंदीच्या पलीकडे माझ्याच नाण्यांबद्दल मला काही सांगता येत नाही. घरी आलेल्या एखाद्याने ‘हा रुद्रसेन कोण?’ असे विचारले, तर ‘चष्टनाच्या घराण्यातला’ याच्यापुढे माझी मजल जात नाही.

सर्वसाधारण इतिहासाची पुस्तके उघडली, तर सातवाहनांना एक प्रकरण आणि क्षत्रपांना दोन परिच्छेद मिळतात आणि त्यात नाण्यांचा उल्लेख ‘नाण्यांवरूनही याला दुजोरा मिळतो’ एवढ्यावर संपतो. म्हणून जाणकारांना विचारतो: संग्राहकाने नेमके काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने? आणि वाचनामुळे नाण्याकडे पाहण्याच्या तुमच्या दृष्टीत खरोखर काही फरक पडला का?

पोटीनप्रेमी

पुस्तके घ्यायला लागले की नाणी घ्यायला पैसे उरत नाहीत, हा या छंदाचा पहिला सिद्ध झालेला नियम आहे. बाकीचे जाणकार सांगतीलच.

लेणीवेडा

गोदाकाठ, तुम्ही नावाप्रमाणे नाशिककडचे असाल, तर सर्वसाधारण इतिहास तूर्त बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचा: जोगलटेंभीच्या निधीचा (एकत्र पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्याचा) अहवाल आणि पांडवलेण्यांतील शिलालेख.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी होती आणि त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. निधीत तिसऱ्या कोणत्याही राजाचे नाणे नव्हते. आता लेणे क्रमांक ३ मधील गौतमी बलश्रीचा लेख वाचा. तो तिच्या नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे आणि त्यात गौतमीपुत्राला ‘खखरातवसनिरवसेसकर’, म्हणजे क्षहरात वंशाचा (नहपान याच वंशातला) निःशेष नाश करणारा, असे म्हटले आहे. आजीने, राजमातेने, मुलाच्या पश्चात कोरवून घेतलेली प्रशस्ती म्हटल्यावर अतिशयोक्ती गृहीत धरावी लागते. पण या एका विधानाला नऊ हजारांहून अधिक साक्षीदार चांदीत उभे आहेत.

पुनर्मुद्रित नाणे भिंगाखाली पाहिले आहे का? एका बाजूला चंद्रकोर असलेला त्रिशिखरी पर्वत आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा लेख, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली). पण नवा छाप जिथे नीट बसलेला नसतो तिथे नहपानाचे नाक, कानाजवळचे केस, कडेची दोन-तीन ग्रीक अक्षरे किंवा मागच्या बाजूचे वज्र आणि बाण यांचा तुकडा खालून डोकावतो. शिलालेख वाचलेला नसेल तर असे नाणे ‘खराब छापाचे’ म्हणून लोक बाजूला टाकतात. मी तर दोन्ही राजे एकाच वेळी दिसणारे नाणे स्वच्छ नाण्यापेक्षा अधिक आनंदाने घेईन.

हिशेबनीस

लेणीवेडा यांना अनुमोदन, फक्त माझी ओढ राजांपेक्षा पैशांकडे अधिक आहे. लेणे क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) मिळून ३,००० कहापण (कार्षापण, त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांवरील व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे असे त्यात लिहिले आहे.

आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंत वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आजही जुळतो. त्याच लेखात पस्तीस कहापणांना एक सुवर्ण असा विनिमयदरही दिलेला आहे. हे वाचल्यानंतर नहपानाचे दोन ग्रॅमचे नाणे हातात घेतले की माझ्या मनात पहिला विचार राजाचा येत नाही. एका भिक्षूच्या वर्षभराच्या वस्त्रखर्चाचा हा बारावा भाग, असा येतो. येथील कहापण म्हणजे नहपानाचे हेच नाणे की जुनी आहत (चिन्हे ठोकून उमटवलेली) नाणी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्यावरून कोणी माझी कानउघाडणी करू नये.

पोटीनप्रेमी

शेकडा बारा वार्षिक, तेही मुद्दलाला धक्का न लावता! आमच्या पतपेढीने हा लेख भिंतीवर लावायला हरकत नाही.

भिंगवाला

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. इतिहासग्रंथ आधी आणि नाणे नंतर, या क्रमात एक धोका आहे: पुस्तकाने जे सांगितलेले असते तेच डोळ्यांना दिसू लागते.

पुराणांतील आंध्र, म्हणजे सातवाहन, राजांची यादी घ्या. ती प्रमाण मानून बसलेल्या माणसाला यादीबाहेरच्या राजाचे नाणे मिळाले, तर तो लेख चुकीचा वाचला असावा असे समजून ओढूनताणून एखाद्या ओळखीच्या नावात बसवील. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळे येथे पोटीनच्या (तांब्याच्या एका मिश्रधातूच्या) सातवाहन नाण्यांचा मोठा निधी सापडला आणि वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावे निघाली. म्हणजे इथे नाण्याने ग्रंथ दुरुस्त केला. मिराशींनी अक्षरे जशी होती तशी वाचली, हे त्यांचे मोठेपण.

दुसरा मुद्दा जोगलटेंभीचा. ‘गौतमीपुत्राने शत्रूच्या तोंडावर आपला शिक्का मारला’ असे वर्णन वाचायला फार छान वाटते. पण नवी चांदी आणून, गाळून, चकत्या पाडून नाणी पाडण्यापेक्षा चलनात असलेल्या नाण्यांवर छाप मारणे कितीतरी स्वस्त आणि झटपट होते, हे साधे व्यवहारी कारणही विचारात घ्यावे. शिवाय निधीतली उरलेली सुमारे चार हजार नाणी छाप न मारताच राहिली होती. सूड उगवायचा असता तर ती का सोडली? नाण्यावरून राजाची भावना वाचू नये, कृती वाचावी.

लेणीवेडा

भिंगवाला, भावना वाचू नये हे मान्य. पण कृतीच वाचायची तर आणखी एक कृती त्याच लेण्यात नोंदलेली आहे. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख लेणे क्रमांक ३ मध्येच आहे. विजयी सेनेच्या तळावरून दिलेल्या त्या आज्ञेत पश्चिम कखडी गावातले, पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले, दोनशे निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना दिल्याचे म्हटले आहे. नहपानाच्या जावयाचे शेत आणि नहपानाचे चलन, दोन्ही एकाच राजाने ताब्यात घेऊन आपल्या नावावर पुन्हा चालू केले. ही मला राज्य ताब्यात घेण्याची पद्धत दिसते. त्यात सूड आणि काटकसर यांपैकी एकच निवडायला हवे असे नाही. आणि ही जोड नाणे कितीही वेळ भिंगाखाली ठेवले तरी दिसली नसती, त्यासाठी शिलालेखच वाचावा लागला, एवढे तरी मान्य कराल.

भिंगवाला

एवढे मान्य. शिलालेख हा समकालीन पुरावा आहे, त्याला माझा विरोध नव्हता. माझा विरोध शिलालेखांवर बेतलेल्या आत्मविश्वासपूर्ण प्रकरणांना होता.

ताम्रपट

दोघांच्या वादात एक उदाहरण टाकतो, कारण ते दोन्ही बाजूंना थोडे थोडे लागू पडते. नाशिक, सातारा आणि मुंबई परिसरात चांदीची लहान नाणी मिळतात. एका बाजूला उत्तरकालीन क्षत्रप पद्धतीचा मुखवटा (राजाचा चेहरा), दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’ असा लेख. जुन्या अभ्यासकांपैकी काहींनी हा कृष्णराज म्हणजे राष्ट्रकूट कृष्ण पहिला असे मानले होते. दख्खनच्या इतिहासात ठळक असलेला कृष्ण तोच, तेव्हा नाव दिसताच तोच आठवला. परंतु नाण्याची घडण, आकार आणि अक्षरवळण त्याच्या आधीच्या काळाकडे बोट दाखवते आणि आता ती कलचुरी कृष्णराजाची, म्हणजे सहाव्या शतकातली, मानली जातात.

याची सर्वांत रंजक बाजू ताम्रपटात आहे. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्ती या स्थानिक राजाच्या ताम्रपटात, कलचुरी संवत ४६१ म्हणजे इ. स. ७१० च्या सुमारास, करांच्या संदर्भात ‘कृष्णराज रूपक’ असा उल्लेख येतो. राजा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, घराण्याची सत्ता गेली, मध्ये चालुक्य आले आणि तरीही बाजारात आणि करवसुलीत त्याच्या नावाचे नाणे चालूच होते! अशा नाण्याच्या पाकिटावर आपण फक्त राजाची कारकीर्द लिहितो, तेव्हा त्या नाण्याच्या आयुष्याचा मोठा भाग सोडून देतो. झिजलेला कृष्णराज रूपक मला आता कमी दर्जाचा वाटत नाही. त्याने काम केलेले आहे.

नवखा_संग्राहक

फार छान माहिती मिळते आहे. एक शंका: पुस्तकांचा उपयोग बनावट नाणी ओळखायला होतो का? मी नुकतीच सुरुवात केली आहे आणि एका विक्रेत्याकडून घेतलेली दोन नाणी एका ज्येष्ठ संग्राहकांनी पाहताक्षणी बाजूला काढली.

भिंगवाला

होतो, पण मर्यादित. बनावट नाणे ओतीव असेल तर कडेची जोडरेषा, पृष्ठभागावरचे बारीक छिद्र आणि वजन हे आधी पाहावे. दोन नाण्यांवर छाप अगदी त्याच जागी सरकलेला आणि कडेची चीरही तंतोतंत तीच असेल, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून ओतलेली समजावीत, कारण हाताने ठोकलेली दोन नाणी इतकी सारखी निघत नाहीत. पुस्तक कामाला येते ते लेखाच्या बाबतीत. एका राजाचा मुखवटा आणि दुसऱ्याच्या वडिलांचे नाव असा संकर दिसला, की वंशावळ माहीत असलेला माणूस थबकतो, माहीत नसलेला पैसे मोजतो.

जुन्नरकर_जुना

विषय थोडा वळवतो, त्याबद्दल क्षमस्व. वर सगळे निधीबद्दल बोलत आहेत म्हणून सांगावेसे वाटते की जोगलटेंभी किंवा तऱ्हाळे यांविषयी आज आपण इतके बोलू शकतो, याचे कारण ते निधी एकत्र तपासले गेले. आमच्या भागात नांगराला गाडगे लागल्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकतो. त्यातली बरीचशी चांदी सोनाराच्या मुशीत गेली आणि जी नाणी वाचली ती सुटी सुटी विकली गेली. सुट्या नाण्यावर राजाचे नाव राहते, पण ते कोणाच्या सोबत पुरलेले होते हे कायमचे नाहीसे होते. जोगलटेंभीची तेरा हजार नाणी तेरा हजार पाकिटांत गेली असती, तर लेणीवेडा यांना वरचा प्रतिसाद लिहिता आला नसता.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. संग्राहकांनी निदान विक्रेत्याला नाणे कुठून आले हे विचारावे, उत्तर मिळाले तर तारखेसह लिहून ठेवावे आणि ‘शेतात सापडले, कोणाला सांगू नका’ असे उत्तर मिळाले तर नाणे घेऊ नये.

पोटीनप्रेमी

जुन्नरकर, तुमचे म्हणणे योग्य आहे. पण मला आजवर प्रत्येक विक्रेत्याने ‘आमच्या आजोबांच्या संग्रहातले’ असेच सांगितले आहे. महाराष्ट्रातील आजोबांची पिढी किती हौशी होती, यावर स्वतंत्र प्रबंध होईल.

परदेशस्थ

मी लंडनजवळ राहतो, त्यामुळे ब्रिटिश म्युझियमचा संग्रह पाहण्याची संधी अधूनमधून मिळते. तिथल्या क्षत्रप नाण्यांचा मोठा भाग पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा आहे. जुनागडला जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले हे विद्वान १८८८ साली वारले आणि त्यांनी आपली नाणी त्या संग्रहालयाला ठेवली. नाणेघाटाचे आणि लेण्यांचे लेख वाचणारा आणि क्षत्रप नाणी जमवणारा माणूस एकच होता, ही गोष्ट गोदाकाठ यांच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देऊन जाते. रॅप्सन यांची १९०८ ची आंध्र आणि पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची या संग्रहावरच मोठ्या प्रमाणात उभी आहे. सूची म्हटले की आपण मागची छायाचित्रे पाहतो. पण या ग्रंथाची लांबलचक प्रस्तावना हाच खरा इतिहास आहे, ती आधी वाचावी.

मात्र एक सावधगिरी. जुन्या ग्रंथांतील कालनिर्णय जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची धरली तर नहपान इ. स. १२४ पर्यंत येतो. ती शक संवताची नाहीत असे मानणारे अभ्यासक त्याला पहिल्या शतकात नेतात आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातील मानबानोस हा राजा म्हणजे नहपानच असे म्हणतात. या दुसऱ्या मताकडे अलीकडे अधिक कल आहे. तेच ‘पेरिप्लस’ अनुवादात वाचा. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी ग्रीक अक्षरांची द्रम्मे (चांदीची नाणी) अजून चालतात, असे त्यात म्हटले आहे. नहपानाने आपले नाणे अर्ध्या द्रम्माच्या मापाचे का ठेवले आणि त्यावर ग्रीक अक्षरे का काढली, हे त्या एका वाक्याने जितके उलगडते तितके एखाद्या प्रकरणाने उलगडणार नाही.

सह्याद्रीची_लेक

धागा वाचताना लक्षात आले की मूळ प्रश्न, ‘काय आणि कोणत्या क्रमाने’, मागे पडला आहे. माझा अनुभव सांगते.

मी सुरुवात मिराशींच्या सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील मराठी ग्रंथाने केली, कारण त्यात इतिहास आणि कोरीव लेख एकत्र मिळतात. इंग्रजीची अडचण नसेल तर त्यानंतर रॅप्सन यांची प्रस्तावना. निधींचे अहवाल त्याच्या पुढे, आणि तेही आपल्या जिल्ह्यातले आधी. सर्वसाधारण इतिहास मी सर्वांत शेवटी वाचला आणि तेव्हा तो मला प्रथमच कळला, असे म्हणायला हवे.

वाचनाने माझ्या खरेदीची पद्धत मात्र पूर्ण बदलली. पूर्वी मी ‘सुंदर’ नाणी घेत असे. क्षत्रपांमध्ये गादी बापाकडून मुलाकडे सरळ जात नसे. ती बहुतेक वेळा भावाभावांत फिरून मग पुढच्या पिढीकडे येत असे. रुद्रसेन पहिला, संघदामन आणि दामसेन हे तिघे रुद्रसिंह पहिल्याचे मुलगे एकामागून एक महाक्षत्रप (मुख्य राजा; क्षत्रप हे त्याखालचे पद) झाले. नाण्यावर राजाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव, दोघांच्या पदव्या आणि डोक्यामागे शकवर्ष असल्यामुळे हे सगळे नाण्यांतूनच मांडता येते. म्हणून मी एक घराणे निवडले आणि त्याची वंशावळ नाण्यांनी भरायला घेतली. त्यात सर्वांत मोहक अडथळा ईश्वरदत्ताचा. हा महाक्षत्रप म्हणवतो, पण वडिलांचे नाव देत नाही, शकवर्ष देत नाही. फक्त ‘वर्षे प्रथमे’ आणि ‘वर्षे द्वितीये’. तो आभीर असावा असे काहींचे मत. देवदत्त भांडारकरांनी त्याला इ. स. १८८ च्या सुमारास ठेवले, तर रॅप्सन यांनी मुखवट्याच्या घडणीवरून सुमारे पन्नास वर्षे पुढे, दामसेनानंतर. हे नाणे मला अजून मिळालेले नाही. पण बाजारात ते दिसले तर शेजारी कोणत्या राजाची नाणी ठेवून मुखवटा ताडून पाहायचा, हे मला आता ठाऊक आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या सविस्तर प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सह्याद्रीची लेक यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री माझ्याकडचे एक ‘रुद्रसेन’ बाहेर काढले. कडेचा लेख पहिल्यांदाच अक्षर अक्षर लावून वाचला: ‘राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. म्हणजे हा रुद्रसेन दुसरा. आश्चर्य वाटले ते पदव्यांचे: मुलगा महाक्षत्रप आणि वडील केवळ क्षत्रप. वंशावळ उघडल्यावर उलगडा झाला. दामसेनाचा मुलगा वीरदामन महाक्षत्रप झालाच नाही. यशोदामन, विजयसेन आणि दामजदश्री या त्याच्या भावांकडे गादी गेली आणि त्यांच्यानंतर ती वीरदामनाच्या मुलाकडे आली. हे सगळे त्या दोन ग्रॅम चांदीच्या कडेवर लिहिलेले होते आणि मी त्याखाली फक्त सूचीचा क्रमांक टिपून ठेवला होता.

आता एक नवी अडचण. डोक्यामागे शंभराचे चिन्ह स्पष्ट आहे, त्यानंतर मला ऐंशी वाटते, आणि एककाचे चिन्ह नाण्याच्या कडेबाहेर गेले आहे. शक १८० ते १८९, म्हणजे इ. स. २५८ ते २६७ असे धरावे का?

भिंगवाला

घाई नको. या अंकपद्धतीत स्थानमूल्य नाही. शंभर, दशक आणि एकक यांची स्वतंत्र चिन्हे एकापुढे एक मांडून बेरीज करायची असते, त्यामुळे दशकाचे चिन्ह चुकले की सगळे दशकच बदलते. झिजलेल्या नाण्यावर ऐंशी आणि नव्वद ही चिन्हे एकमेकांसारखी भासतात: दोन्हींत वर्तुळासारखा आकार आणि आत रेघ, फरक आडव्या छेदाचा. रुद्रसेन दुसरा साधारण इ. स. २५५ ते २७७ असा असल्यामुळे दोन्ही दशके त्याच्या कारकिर्दीत बसतात. इथे तुमची वंशावळ, मिराशी आणि रॅप्सन कोणीच निर्णय देणार नाहीत. नाणे घासू नका, चिंच-लिंबू तर मुळीच लावू नका. एका बाजूने तिरपा उजेड पाडून, नाणे थोडे थोडे फिरवत चार-पाच छायाचित्रे काढा आणि इथे टाका. आडवा छेद असेल तर एखाद्या कोनात त्याची सावली पडेलच.